या खडपाचे आईबाप किती?



आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत 'निसर्गातल्या शिंपल्यांचं जनुकीय वैविध्य' असा छापला आहे. पत्रिका हातात पडल्यावर एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "तिसऱ्यांमध्ये कसलं वैविध्य? एक सुकं आणि एक आमटी!" या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांचं मत तेच असणार, याची मला कल्पना आहे. कोकणात शिंपल्याची ओळख स्वयंपाकघरातून होते आणि तिथेच थांबते. मला त्याबद्दल तक्रार नाही. फक्त तासाभरासाठी चूल विझवू या आणि कवच उघडून आणखी आत पाहू या.

बाजारात तिसऱ्यांचा वाटा लावलेला असतो. वरच्या नक्षीत थोडा फरक, आकारात थोडा फरक, बाकी सगळ्या एकसारख्या. खडपावरच्या कालवांचं तर विचारूच नका. ज्या भेगेत बसलं त्या भेगेचा आकार कालव घेतं, त्यामुळे दोन सख्खी भावंडं वेगळ्या जातीची वाटतात आणि दोन वेगळ्या जातींची कालवं जुळी वाटतात. भारताच्या किनाऱ्यावर क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस, क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस, सॅकोस्ट्रिया कुकुलाटा अशी नावं आपण वर्षानुवर्षं कवच पाहून देत आलो. यांतल्या मद्रासेन्सिसचं नाव डीएनए तपासल्यावर बदलावं लागलं. तेव्हा पहिली गोष्ट ही, की शिंपल्याच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये. वैविध्य आहे, अफाट आहे, पण ते बाहेरून दिसत नाही.

अफाट म्हणजे किती? दोन माणसांचा डीएनए शेजारी ठेवला, तर हजार अक्षरांमागे साधारण एक अक्षर वेगळं निघतं. पॅसिफिक कालवात हा फरक शंभर अक्षरांमागे एकाच्या आसपास आहे. २०१२ साली चीनमधल्या छिंगदाओच्या शास्त्रज्ञांनी या कालवाचा संपूर्ण जनुकसंच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. त्या कामातली अडचण ऐकण्यासारखी आहे. बहुतेक प्राण्यांकडे जनुकसंचाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. निसर्गातलं कालव उचललं की त्याच्या या दोन प्रती एकमेकींशी इतक्या कमी जुळतात, की तुकडे जोडणाऱ्या संगणकाचा गोंधळ उडतो. म्हणून चार पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून, दोन्ही प्रती बऱ्याचशा सारख्या झालेलं एक कालव तयार केलं, आणि त्याचा जनुकसंच वाचला.

भूमध्य समुद्रातल्या शिणाण्यांनी तर पुढची कडी केली. २०२० साली त्यांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं, की सुमारे ४५ हजार जनुकं सगळ्यांमध्ये आहेत, आणि आणखी सुमारे २० हजार जनुकं अशी आहेत की ती काही शिणाण्यांत आहेत आणि काहींत नाहीतच. जनुकाचं रूप वेगळं नाही, जनुकच नाही! माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला हे पचवायला वेळ लागला. आम्ही 'जातीचा जनुकसंच' असं एकवचनात शिकवत होतो.

या श्रीमंतीला एक काळी बाजू आहे, तीही इथेच सांगून टाकतो. कालवाची मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते. इतक्या अंड्यांसाठी डीएनएच्या इतक्या नकला काढायच्या, तर नक्कल करताना चुका होणारच. बहुतेक चुका दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत असतात, दुसरी प्रत काम भागवून नेते, म्हणून त्या झाकून राहतात. पण नात्यातल्या नात्यात संकर झाला की दोन्ही प्रतींत तीच चूक येते आणि पिल्लू मरतं. फ्रान्सच्या लोने आणि अमेरिकेच्या डेनिस हेजकॉक यांनी २००१ साली दाखवलं, की दिसायला धडधाकट असलेल्या पॅसिफिक कालवाच्या पोटात अशी दडलेली घातक जनुकं एक-दोन नव्हे, किमान आठ ते चौदा असतात. म्हणजे कालवांना नात्यातलं लग्न अजिबात परवडत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी हॅचरीकडे वळू तेव्हा ते लागेल.

आता हे वैविध्य नुसतं शोभेचं आहे, की त्याचा काही उपयोग होतो? १९६६ साली शिकागोत रिचर्ड लुअन्टिन आणि जॅक हबी यांनी फळमाशीवर जेल इलेक्ट्रोफोरेसिसचं तंत्र वापरलं आणि निसर्गातल्या प्राण्यांत किती वैविध्य लपलेलं आहे ते जगाला दाखवलं. तेव्हापासून हा वाद रंगला. एका बाजूचे म्हणत, हे सगळे फरक निरुपद्रवी आहेत, योगायोगाने आले, योगायोगाने जातील. दुसऱ्या बाजूचे म्हणत, निसर्ग उगाच काही ठेवत नाही. वाद वर्षानुवर्षं चालला. त्यात ज्या मोजक्या प्राण्यांनी स्पष्ट साक्ष दिली, त्यांत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे शिणाणे होते.

आज जनुकं वाचणारी यंत्रं आहेत, पण ते जुनं तंत्र मला फार देखणं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. शिणाण्याच्या मांसाचा एक लहानसा तुकडा घ्यायचा, थंड ठेवून ठेचायचा. त्याचा रस शोषकागदाच्या चिंधीवर घ्यायचा. बटाट्याच्या स्टार्चची खीर शिजवून तिची थंड वडी केलेली असते. तिला सुरीने चीर द्यायची आणि त्या चिरेत एकेका शिणाण्याची एकेक चिंधी ओळीने उभी करायची. मग वडीतून काही तास वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या विद्युतभारानुसार पुढे सरकतात, कुणी जलद, कुणी सावकाश. वडी आडवी कापून तिच्यावर हव्या त्या विकराचा रंग ओतला की पट्टे उमटतात. एक पट्टा उमटला तर दोन्ही प्रती सारख्या, दोन उमटले तर वेगळ्या. डोळ्यांना न दिसणारं वैविध्य असं डोळ्यांसमोर ओळीने मांडलं जातं.

स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या रिचर्ड केन यांनी असंच एक विकर पाहिलं, ल्यूसिन अमायनोपेप्टिडेझ, लाडाचं नाव 'लॅप'. या विकराची शिणाण्यांत अनेक रूपं आहेत. त्यांतल्या एकाला ९४ हा आकडा दिला होता. खुल्या समुद्रातल्या शिणाण्यांत हे रूप निम्म्याहून थोडं जास्त. लाँग आयलंड साउंडच्या आत, जिथे नद्यांचं गोडं पाणी मिसळतं, तिथे ते घसरून दहा-पंधरा टक्क्यांवर. आणि ही घसरण जेमतेम काही मैलांत. मध्ये भिंत नाही, डोंगर नाही. पाणी इकडून तिकडे वाहतंय, पिल्लं इकडून तिकडे वाहतायत. मग हा फरक टिकतो कसा?

उत्तरासाठी शिणाण्याच्या पेशीत शिरावं लागतं. शिणाणा समुद्राच्या खारेपणाला अडवत नाही. बाहेरचं पाणी जितकं खारं तितकाच त्याच्या आतला रस. पण पेशीत मीठ भरून चालत नाही, म्हणून तो समतोल साधायला पेशीत अमिनो आम्लं साठवतो. लॅप विकर प्रथिनांच्या तुकड्यांना कातरून ही अमिनो आम्लं मोकळी करतं. ९४ नंबरचं रूप जास्त जोमाने कातरतं. खाऱ्या समुद्रात हा जोम कामाचा. पण पाणी कमी खारं झालं की जादा झालेली अमिनो आम्लं बाहेर टाकावी लागतात, आणि त्यांच्याबरोबर नायट्रोजन, म्हणजे साठवलेली ताकद, वाहून जाते. शरद ऋतूत अन्न कमी, त्यात ही उधळपट्टी. ९४ रूपवाले खंगतात आणि मरतात.

पण मग आतल्या पाण्यात हे रूप संपूनच का जात नाही? कारण दर उन्हाळ्यात समुद्र पुन्हा नवी पिल्लं आत आणून सोडतो. केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकती चिकटलेली पिल्लं तपासली तर साउंडच्या आतसुद्धा ९४ चं प्रमाण समुद्रासारखंच, भरपूर! आणि हिवाळ्याच्या तोंडाशी त्याच पिढीत ते घटलेलं. म्हणजे काय झालं? निवड लाखो वर्षांपूर्वी कधीतरी झाली आणि संपली असं नाही. ती दर वर्षी होते. त्याच खडपावर, त्याच पिढीत, काही महिन्यांत. १९८० साली हे छापून आलं. शिंपल्यांवर काम करणाऱ्याने मोजमाप करताना ऋतू का लिहून ठेवावा, हे तेव्हापासून कुणाला समजावून सांगावं लागलेलं नाही. निदान लागू नये.

इथे कोकणातल्या मंडळींच्या मनात एक गोष्ट आली असेलच. लाँग आयलंडला खारेपणात जो फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक आपल्या खाड्यांत पडतो. मे महिन्यात भाट्याच्या किंवा काळबादेवीच्या खाडीतलं पाणी समुद्राइतकं खारं, आणि जुलैत आतल्या अंगाला जवळजवळ गोडं. त्या खाडीतली तिसरी हा मार दर वर्षी सोसते. कोणत्या जनुकांच्या जोरावर? कोणत्या तिसऱ्या सोसतात आणि कोणत्या नाही? सभागृहात कॉलेजची मुलं मागच्या रांगांत दिसतायत. पीएचडीचे विषय असे पायाशी पडलेले असतात.

आता मी आजच्या मुख्य गोष्टीकडे येतो. प्रश्न साधा आहे. एका खडपावर लाखो कालवं चिकटलेली आहेत. त्यांचे आईबाप किती?

कुणीही म्हणेल, लाखो. निदान हजारो. एवढी कालवं, एवढी अंडी, सगळं पाण्यात सोडलेलं, सगळं मिसळलेलं. हिशेब सरळ वाटतो. हेजकॉक यांनी १९९० च्या दशकात या सरळ हिशेबाला सुरुंग लावला. त्यांच्या म्हणण्याला त्यांनी नाव दिलं ते सोडतीचं, लॉटरीचं. अनेक जातींच्या कालवांची अंडी आणि शुक्राणू पाण्यात सुटतात. फलन पाण्यातच होतं. डिंभक, म्हणजे पोहणारं पिल्लू, दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर भटकतं. या सगळ्यात वेळ जुळावी लागते. त्याच दिवशी दुसऱ्यांनीही अंडी सोडलेली असावीत, पाण्यात खाण्याजोगं प्लवक असावं, वाऱ्याने प्रवाह बाहेर समुद्रात ओढून नेऊ नये, आणि चिकटायला योग्य जागा मिळावी. बहुतेक आयांचं यांतलं एखादं गणित चुकतं, आणि त्यांच्या कोट्यवधी अंड्यांतून एकही पिल्लू मोठं होत नाही. एखादीचं सगळं जुळतं, आणि तिची पिल्लं खडप भरून टाकतात. ज्या प्राण्याला वर्षाला चार पिल्लं होतात, त्याच्यात ही तफावत चारपर्यंतच जाणार. जिथे तिकिटांची संख्या कोटींत आहे, तिथे एकाच घरात सगळी बक्षिसं जाऊ शकतात.

हे नुसतं तर्काने सांगून कोण ऐकणार? पुरावा पाहिजे. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, सेत इथे, नुकत्याच चिकटलेल्या चपट्या कालवांची एक तुकडी तपासली गेली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या पिल्लांमधलं वैविध्य मोठ्या कालवांपेक्षा कमी निघालं, आणि मागे जाऊन हिशेब केला तेव्हा आईबापांचा प्रभावी आकडा निघाला दहा ते वीसच्या घरात. समुद्रात मोठी कालवं किती होती, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता.

त्याआधीच, १९८२ साली, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जॉन्सन आणि ब्लॅक यांना एका खडपी गोगलगायीसारख्या प्राण्यात विचित्र गोष्ट दिसली होती. अगदी जवळजवळच्या खडपांवरच्या पिल्लांची जनुकं एकमेकांशी जुळत नव्हती, आणि पुढच्या खेपेला आलेली पिल्लं आधीच्यांशी जुळत नव्हती. नकाशावर काढायला जावं तर काही आकृतीच उमटत नाही. त्यांनी त्याला 'गोंधळाचं ठिगळकाम' अशा अर्थाचं नाव दिलं. सोडतीची कल्पना आल्यावर त्या गोंधळाला एक कारण मिळालं. प्रत्येक खेप म्हणजे वेगळ्या विजेत्यांची पिल्लं.

आता, सगळीकडे सोडत एवढी कडक असते असं नाही. नंतरच्या काळात अनेकांनी शोधलं आणि काही ठिकाणी पिल्लांचं वैविध्य मोठ्यांइतकंच निघालं. मला स्वतःला वाटतं, पहिल्या उत्साहात या कल्पनेला थोडं जास्त ताणलं गेलं. पण एवढं तरी नक्की झालं, की डोकी मोजून वैविध्य कळत नाही. शिंपल्यांच्या बाबतीत संख्या आणि वैविध्य ही दोन वेगळी खाती आहेत. एकात कोट्यवधी जमा असताना दुसरं रिकामं असू शकतं.

इथे एक कोडं उभं राहतं. दर वर्षी मूठभरच आईबाप जिंकत असतील, तर सुरुवातीला मी जी श्रीमंती सांगितली ती आली कुठून आणि टिकली कशी? पाच-पन्नास पिढ्यांत सगळं आटून जायला हवं होतं.

माझं म्हणणं असं आहे, आणि आज मी एवढंच सांगायला आलो आहे: शिंपल्यांचं वैविध्य वर्षांमध्ये साठलेलं असतं. या वर्षीची तुकडी पंधरा-वीस आईबापांची. गेल्या वर्षीची वेगळ्या पंधरा-वीसांची. त्याच्या आदल्या वर्षीची आणखी वेगळ्यांची. कालव वर्षानुवर्षं जगतं. खडपावर एकाच वेळी पाच-सात वर्षांच्या तुकड्या एकमेकींवर चढून बसलेल्या असतात आणि त्या सगळ्या एकत्र अंडी सोडतात. एकेका वर्षाची गरिबी या गर्दीत भरून निघते. सेतच्या अभ्यासात पिल्लांपेक्षा मोठी कालवं जास्त विविध का निघाली? ती अनेक सोडतींची विजेती होती म्हणून.

हे मान्य केलं की पुढच्या दोन गोष्टी आपोआप येतात. एक म्हणजे, एकाच दिवशी, एकाच वयाची शंभर कालवं गोळा करून 'या खाडीतलं जनुकीय वैविध्य इतकं' असा निबंध लिहिणं व्यर्थ आहे. तुम्ही खाडी मोजलीच नाहीत, खाडीचं एक वर्ष मोजलंत. दुसरी गोष्ट ओहोटीला कोयती घेऊन जाणाऱ्यांच्या कामाची आहे. अनेक जातींची कालवं तरुणपणी नर असतात आणि मोठी झाल्यावर त्यांतली बरीच मादी होतात. तेव्हा खडपावरचं मोठं मोठं तेवढं काढून नेलं, की जुन्या वर्षांच्या तुकड्याही जातात आणि आयाही जातात. मागे उरतात कोवळ्या नरांचे थवे, एखाद-दुसऱ्या वर्षाचे. संख्या पाहिली तर खडप भरलेलंच दिसतं! त्यातच मोकळी कवचं चुन्यासाठी उचलून नेली, तर पुढच्या पिल्लांना चिकटायची जागाही गेली, कारण कालवाच्या पिल्लाला कालवाचंच जुनं कवच फार आवडतं.

दोन छोटी विषयांतरं करतो, मग पुढे जाऊ.

पहिलं शिणाण्यांच्या मायटोकाँड्रियाचं. शाळेत शिकवतात की मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात. शिणाण्यांनी हा पाठ वाचलेला नाही. त्यांच्यात मुलग्याला बापाच्या मायटोकाँड्रियाही मिळतात आणि त्या त्याच्या जननग्रंथीत जाऊन बसतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे उमगलं. तोवर कोणत्या अवयवाचा तुकडा घेतला हे न पाहता वैविध्य मोजणाऱ्यांची काय त्रेधा उडाली असेल, विचार करा.

दुसरं विषयांतर जरा अस्वस्थ करणारं आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मऊ कवचाच्या शिंपल्यांना रक्ताचा कर्करोग होतो. २०१५ साली कोलंबिया विद्यापीठातल्या मायकल मेट्झगर आणि स्टीफन गॉफ यांच्या गटाने त्या कर्करोगपेशींची जनुकं तपासली. ती ज्या शिंपल्यात सापडली त्याच्याशी जुळेनात. उलट शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या आजारी शिंपल्यातल्या कर्करोगपेशींशी मात्र तंतोतंत जुळली. याचा अर्थ, कधीकाळी एका शिंपल्यात जन्मलेल्या पेशी पाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात शिरत आल्या. तो मूळ शिंपला कधीच मेला, त्याचा रोग अजून पोहतोय. वैविध्य मोजायला रक्ताचा थेंब घ्यावा आणि तो भलत्याच शिंपल्याचा निघावा, अशी ही गत.

आता रोगाचा विषय निघालाच आहे, तर न्यू जर्सीला जाऊ. तिथे डेलावेअर उपसागराच्या काठी चक्क 'बायव्हॉल्व्ह' नावाचं गाव आहे. दोन कवचांच्या प्राण्यांना इंग्रजीत जे म्हणतात तेच गावाचं नाव, इतका तिथला धंदा कालवांचा. पद्धत अशी, की उपसागराच्या वरच्या, कमी खाऱ्या भागात नैसर्गिक बीज येतं, ते काढून खालच्या, जास्त खाऱ्या भागात नेऊन टाकायचं. तिथे कालवं पुष्ट होतात. १९५७ च्या वसंतात खालच्या भागातली कालवं मरू लागली. दोनेक वर्षांत तिथली नव्वद ते पंचाण्णव टक्के आणि वरच्या बीजाच्या पट्ट्यातली निम्म्याच्या आसपास कालवं गेली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत अनेक केंद्रकं असलेला एक गोल परजीवी दिसला. कोण ते ठाऊक नाही, म्हणून त्याला नाव पडलं एमएसएक्स. त्यातला एक्स म्हणजे अज्ञात. पुढे शास्त्रीय नाव मिळालं, आणि २००० साली डीएनएवरून सिद्ध झालं की हा मूळचा आशियाई पॅसिफिक कालवांच्या अंगावरचा पाहुणा. माणसाला त्याच्यापासून काही धोका नाही. कालवाला मात्र होता.

रटगर्स विद्यापीठाचे हॅरॉल्ड हॅस्किन यांनी लगेच एक गोष्ट हाती घेतली. वाचलेल्या कालवांपासून पिल्लं काढायची, ती रोगाच्या पाण्यात टाकायची, त्यांतून वाचलेल्यांपासून पुन्हा पिल्लं. प्रयोगशाळेतल्या या वंशांत काही पिढ्यांत प्रतिकार वाढलेला दिसला. म्हणजे प्रतिकाराची जनुकं त्या समाजात आधीपासून होती. रोग येण्याआधी त्यांचा काय उपयोग होता? त्या वैविध्याला कुणी निरुपयोगी म्हटलं असतं तर त्याला खोडून काढता आलं नसतं.

पण निसर्गातल्या कालवांचं काय? गंमत अशी, की १९५७ नंतर जवळपास तीस वर्षं निसर्गातल्या कालवांत प्रतिकार म्हणावा तसा पसरला नाही. एवढी मोठी साथ, एवढे मृत्यू, तरी नाही. का? सुझन फोर्ड आणि डेव्हिड बुशेक यांनी दिलेलं उत्तर मला फार पटतं. एमएसएक्सला कमी खारं पाणी मानवत नाही. उपसागराच्या वरच्या भागात कालवांना आसरा होता. तिथल्यांनी रोग पाहिलाच नव्हता, आणि दर वर्षी बीज बहुतेक त्यांचंच येत होतं. खाली निवड व्हायची, वरून ती पुसली जायची. लाँग आयलंडच्या शिणाण्यांची गोष्ट आठवा, तीच यंत्रणा.

मग १९८० च्या दशकाच्या मध्याला दुष्काळ पडला. नद्यांचं पाणी आटलं, खारेपणा वरपर्यंत चढला, त्याच्याबरोबर रोगही चढला. आसऱ्यातली कालवं मोठ्या प्रमाणावर मेली. आणि जी उरली, त्यांची पिल्लं पुढच्या वर्षांत उपसागरभर पसरली. १९९० पासून पुढे तिथल्या निसर्गातल्या कालवांत एमएसएक्स जवळजवळ दिसेनासा झाला. परजीवी गेला नाही. पाण्यात बाहेरची, रोगाशी अनोळखी कालवं टाकली की ती आजारी पडतात. कालवं बदलली होती.

ही गोष्ट ऐकून 'निसर्ग सगळं बघून घेतो' म्हणत घरी जाणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी पुढचा भाग. १९९० मध्येच त्या उपसागरात डर्मो नावाचा दुसरा रोग येऊन बसला. त्याच्याविरुद्ध तसा प्रतिकार उभा राहिलेला नाही. एक तर्क असा, की डर्मो कालवाला हळूहळू, बऱ्याचदा एक-दोनदा अंडी सोडून झाल्यावर मारतो, त्यामुळे निवडीला धार येत नाही. एका रोगाला उत्तर होतं, दुसऱ्याला तसं मिळालं नाही. आणि पहिलं उत्तर मिळायला तीस वर्षं आणि दोन महासाथी लागल्या. धंदा मधल्या काळात बसला तो बसलाच.

आता घरी येतो. आपल्याकडे शिंपल्यांची शेती वाढते आहे. उत्तर केरळात कासारगोडच्या पट्ट्यात हिरव्या शिणाण्यांची शेती होते. तिथे बीज खडपांवरून खरवडून आणतात. आपल्या सिंधुदुर्गातही महिला बचतगटांनी खाडीत कालवं आणि शिणाणे वाढवले आहेत. केरळच्या अष्टमुडी तळ्यातली तिसऱ्यांची मासेमारी २०१४ साली शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी भारतातली पहिली ठरली, आणि नंतर उत्पादन घसरू लागल्यावर हॅचरीत तयार केलेलं बीज तळ्यात सोडण्याचे प्रयोग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सुरू केले. हे सगळं मला आवडतं. खाडीवर जगणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे येत असतील, तर जनुकशास्त्रज्ञाने मध्ये नाक खुपसू नये.

पण हॅचरीच्या दारात मी नाक खुपसणार. हॅचरीत काय होतं? तीस-चाळीस मोठी कालवं आणली, पाणी तापवून त्यांना अंडी सोडायला लावलं, सगळं एका टाकीत मिसळलं. कागदावर आईबाप चाळीस. प्रत्यक्षात? पॅसिफिक कालवांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे, की अनेक नरांचे शुक्राणू एकत्र ओतले की एखाद-दुसराच नर बहुतेक अंडी पटकावतो. समुद्रातली सोडत आपण टाकीत आणून बसवतो, आणि इथे एकच वर्ष असतं. जुन्या तुकड्या नसतात. असं लाखो बीज एखाद्या खाडीत, दर वर्षी, त्याच हॅचरीतून सोडलं, तर काही वर्षांत खाडीतली निम्मी कालवं एकमेकांची भावंडं होतील. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य, नात्यातल्या लग्नाचं, ते इथे लागू होतं. उपाय अवघड नाही. प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या भांड्यात, प्रत्येक नराचे शुक्राणू वेगळे, जोड्या लावून फलन करायचं आणि मग पिल्लं सारख्या प्रमाणात एकत्र करायची. दर वर्षी आईबाप बदलायचे आणि ते त्याच खाडीतून घ्यायचे. हात जास्त लागतात, भांडी जास्त लागतात, एवढंच.

हॅचरी नसलेल्या खाडीसाठीही एक काम आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, ठरलेल्या एका खडपावरून लहानमोठी पन्नास कालवं काढायची. कवचाची लांबी मोजायची, मांसाचा नखाएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख, जागा आणि पाण्याची क्षारता लिहायची. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून पेन्सिल. कुप्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. जनुकं आज वाचायला पैसे नसले तरी चालेल, ती वाचणं दर वर्षी स्वस्त होत चाललं आहे. पण गेल्या वर्षीचं कालव पुढच्या वर्षी कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने हे दहा वर्षं केलं, तर एका खडपाला दर वर्षी किती आईबाप मिळाले आणि पावसाने त्यांतल्या कुणाला राखलं, हे आपल्या किनाऱ्यापुरतं तरी सांगता येईल. येत्या ऑक्टोबरातल्या पौर्णिमेच्या उधाणाला, ओहोटी चांगली खाली जाते तेव्हा, पहिल्या पन्नास कुप्या भरता येतील. कोणाला यायचं असेल त्यांनी कार्यक्रमानंतर नावं द्यावीत.